दंडाचे पैसे

भिशीचे पैसे जी उशिरा देईल तिला दहा रुपये दंड.
सगळ्यात जास्त मालननं भरला,
दर महिन्याला, हसत,
कारण तिचा नवरा कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा
आणि कांद्याला कुठं तारीख ठाऊक.
सुरुवातीला अकराजणी होतो, शेवटी उरलो तिघी.
डबा फोडला आणि प्रेशर मोजायचं मशीन घेतलं.
"दंडाचं पैसं दंडालाच लागलं," जयवंती म्हणाली,
नि बाही सरकवून पहिला नंबर तिनंच लावला.

मशीनच्या कागदावर छापलं होतं:
पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोलू नका.
कोपरखैरण्यात, सेक्टर पाचच्या बैठ्या घरांत,
जिथं शेजारणीच्या शिट्ट्या मोजून आपण आपला कुकर बंद करतो,
तिथं तीन बायका
आणि पाच मिनिटं शांत!
पट्टा फुगायला लागला की मालनला हटकून काहीतरी आठवायचं,
पाटणच्या भावजयीचं नाहीतर तिथल्या म्हशीचं,
दोन्ही एकाच सुरात.
आकडा चुकायचा.
पुन्हा मोजायचं. तेवढ्यात चहा व्हायचा.

वहीत मी रेघा आखल्या: तारीख, वरचा, खालचा.
चौथा रकाना आपोआप पडला.
१४२. वांगी करपली.
१२६. जयवंतीनं निवट्या दिल्या, साफ करून.
१५०. सुनेचा फोन. उचलला नाही.
१२८. काही नाही, नुसत्या बसलो होतो.

फेब्रुवारीत मालन आणि मी भांडलो.
कारण सांगत नाही.
बरं, सांगते: डब्याचं झाकण.
पण झाकण उघडलं की आतलं सगळंच निघतं,
माझ्या बाळंतपणात तिनं दिलेला शेक,
तिच्या ऑपरेशनला मी मोडलेल्या पाटल्या,
ज्याचा हिशोब काढायचा नसतो तो
दोघींनी काढला, गल्लीला ऐकू जाईल असा.

मशीन माझ्याकडं राहिलं.
सहा आठवडे मी एकटीनं पट्टा बांधला,
उजव्या हातानं डाव्याला धरून,
जसं कुणी स्वतःलाच दंडाला धरून चौकीवर न्यावं.
फॉल लावायची साडी मांडीवर, सुई कापडात तशीच.
पाच मिनिटं शांत. अगदी कागदाबरहुकूम.
१५६. १६०.
१५८.
१६४.
चौथा रकाना कोरा.

एका दुपारी मालन दारात.
"मशीन दे."
"का?"
"चक्कर येती."
आत आली, बाही वर केली, मी पट्टा बांधला.
तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही मशीनचा नियम पाळला.
१६८.
"तुझं किती?"
मी वही पुढं सरकवली.
तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
बोट ठेवून ठेवून तिनं सहा आठवडे वाचले
आणि मग कोऱ्या रकान्यावर हात फिरवला,
भाकरी थापायच्या आधी परातीवरून फिरवावा तसा.
"चहा टाक," म्हणाली.
झाकण अजून सापडलेलं नाही.

परवा पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वही चाळली.
पोरगी हुशार, लगेच थांबली.
"इथं, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कुठली गोळी बंद केली होती?"
"गोळ्या चालूच होत्या."
"मग बंद काय होतं?"

मी दाराकडं पाहिलं.
बाहेर बाकावर ती बसली होती,
माझी पिशवी, माझ्या चपला, माझ्या नंबराची चिठ्ठी सांभाळत,
आणि शेजारच्या कुणा अनोळखी बाईला,
जिला बहुधा शांत बसायला सांगितलं होतं,
म्हशीची गोष्ट सांगत होती.