पाठ

चौसष्ट मुलं. बत्तीस प्रायोगिक गटात, बत्तीस नियंत्रित.
मार्केट यार्डामागच्या मनपा शाळेत
मी वर्षभर एकच वाक्य घेऊन जात होते:
कलेच्या आधारे शिकवल्याने
गणिताच्या संपादनात लक्षणीय फरक पडत नाही.
याला शून्य परिकल्पना म्हणतात.
ती खोटी ठरावी म्हणूनच मांडायची असते,
हे आईला सांगितलं तेव्हा शेंगा सोलता सोलता ती म्हणाली,
म्हणजे उलटा बोललेला नवस.

नसीमा मुजावर, तासिका तत्त्वावर कलाशिक्षिका.
तीन शाळा, एक स्कूटी, डिकीत शाडूचा गोळा,
ओल्या गोणपाटात, तापातल्या पोरासारखा गुंडाळलेला.
प्रायोगिक गटाला तिनं अपूर्णांक हातात दिले:
भाकरी थापा, चतकोर मोडा,
आता चतकोराचा अर्धा.
पलीकडच्या वर्गात नियंत्रित गट
फळ्यावरून उतरवून घेत होता
एक छेद चार, एक छेद आठ.
मधे भिंत. भिंतीला खिडकी, खिडकीला गज, झडप नाही.
माझ्या आराखड्यात खिडकीची नोंद नव्हती.

सिद्राम व्हनमाने, नियंत्रित, अनुक्रमांक एकोणीस,
मधल्या सुट्टीनंतर बाकाखाली काहीतरी दाबत बसला होता.
काय चाललंय?
"पाठ."
कुठला पाठ? पुस्तक तर मिटलेलं आहे.
त्यानं मूठ उघडली.

पाठ होती.
मानेखालून कमरेपर्यंत, वीतभरसुद्धा नाही.
डोकं नाही, हात नाहीत.
उजव्या खांद्यामागे अंगठ्यानं दाबलेला खळगा,
डावीकडे अजून नुसती माती.
"पप्पा भुसार बाजारात हायेत. पोतं हितं बसतं."
मग बोटानं मापून, थोडा विचार करून:
"सगळ्या पाठीतला एवढाच. एक छेद आठ असंल."

केंजळे मॅडमनी चष्मा कपाळावर नेला.
"हा विद्यार्थी दूषित झाला."
शब्द पद्धतीशास्त्राचा होता, त्यांचा नव्हता,
त्यांनाही तो उच्चारल्यावर जरा टोचला असावा,
कारण त्यांनी मला दुसरा चहा विचारला.
"वगळा त्याला. त्रेसष्ट ठेवा."
मी वगळला.
तक्ता चार पूर्णांक सातमध्ये
अठरानंतर वीस येतो.

एका पहाटे मी भुसार विभागात गेले.
कशाला, ते उद्दिष्टांत कुठेच बसत नव्हतं.
ज्वारीच्या धुरळ्यात, ट्रकच्या फाळक्यापाशी
माणसं वाकत होती, पोतं घेत होती, चालू लागत होती,
सगळी पाठमोरी.
व्हनमाने कोण, हे विचारावं लागलं नाही.
टपरीपाशी एकानं सदरा झटकायला काढला
आणि उजव्या खांद्यामागे,
अगदी तिथंच.
मुलानं खोली थोडी कमी धरली होती.

मौखिकीला परीक्षक नांदेडहून आले होते.
निष्कर्ष? त्यांनी विचारलं.
फरक आढळला, मी म्हणाले, ०.०५ स्तरावर लक्षणीय.
नवस फळला. पेढे झाले.
वगळलेल्या नमुन्याबद्दल दोन ओळी असाव्यात, असा शेरा मिळाला.
मी चौदा पानं लिहिली.
ती आता परिशिष्ट 'ई'मध्ये आहेत,
शाळेच्या परवानगीपत्राच्या आणि खर्चाच्या तपशिलाच्या मधे.

ती मातीची पाठ माझ्याकडे नाही.
मागितली होती. त्यानं दिली नाही,
डावी बाजू राहिलीय म्हणाला.
मार्चअखेर नसीमाचा करार संपला.
डिकी रिकामी करून ती हडपसरच्या शाळेकडे निघून गेली,
गोळ्याचा उरलेला तुकडा
खिडकीच्या कट्ट्यावर तसाच, गोणपाट वाळत चाललेलं.
मी माझे तक्ते पिशवीत भरत होते.
पलीकडून गजांना नाक लावून
सिद्रामनं विचारलं,
"ताई, ही उरलेली माती
कुठल्या गटाची?"