अंदाज

सातपूरला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही तिघं पंखा बंद करून बसतो.
पंखा लावला की बच्छावचे कागद उडतात.
तो अजून सगळे पर्याय कागदावर मांडतो.

आवृत्त्या जपणारं साधन बनवतोय आम्ही.
गिऱ्हाइकं म्हणजे सिन्नरचे दोन कारखाने,
द्राक्षांच्या फवारणीचं वेळापत्रक ठेवणारी एक कंपनी
आणि पिंपळगावचे एक मास्तर, जे नाटक लिहितायत
आणि दर आठवड्याला तिसरा अंक मोडतात.

मार्चअखेर सेटिंग्ज एकशे बारा झाल्या.
रिकाम्या जागा मोजायच्या की सोडून द्यायच्या,
बदललेली ओळ रंगवायची का, रंगवली तर लालच कशाला,
दोघांनी एकच ओळ बदलली तर कुणाची ठेवायची.
प्रत्येकीमागे कुणाचा तरी चिडलेला फोन.
बच्छाव म्हणाला, पर्याय म्हणजे काय माहितीये,
आपलं भांडण मिटलं नाही
म्हणून ते गिऱ्हाइकाच्या घरी पाठवून दिलं.

मग छाटायला बसलो. चाळीस उरल्या.
त्याही तीन थरांत: साऱ्या यंत्राची, एका माणसाची,
एका फोल्डरची. जवळची जिंकते.
निलोफरनं हे सिन्नरला समजावलं ते असं,
पाणी महापालिका सोडते सहाला,
सोसायटी सोडते साडेसहाला,
पण नळाखाली बादली कुणाची
त्यावर अंघोळ ठरते.

एक गोष्ट मात्र आम्ही पर्यायात धरलीच नव्हती.
नोंद कुणी केली हे साधन लिहून ठेवतं.
नाव सांगितलं नसेल, तर यंत्राच्या नावावरून
आपलं आपण जुळवतं. अठरा ओळींचा कोड.
एका दुपारीत लिहिला होता मी,
वर चहाही पाजला होता सगळ्यांना.
सिन्नरला तीन महिने प्रत्येक बदल
"ॲडमिन, पीसी-चार" नावाच्या गृहस्थांनी केला.

मे महिन्यात बाबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो.
नंतर उपाध्यांच्या ओसरीवर.
आडनाव? खैरनार. गाव? सटाण्याजवळचं.
लांबट वही उलगडली, पानांना हळदीचे डाग,
पणजोबांची सही, मोडीत, वाकडी.
आणि एक खोडलेलं नाव. एकच आडवी रेघ,
खालचं अक्षर स्वच्छ वाचता येईल अशी.
बाजूला: "चुकून लिहिले. हयात आहेत."
त्याखाली त्यांचीच सही.

गुरुजींनी बाबांना लिहिलं, मग दोन्ही भावांना.
मग टाक थांबला. तुमचं कसं लिहू?

त्यांना ठरवता आलं असतं.
मोकळा गळा दिसत होता. आधार कार्ड समोर होतं,
त्यावर जे आडनाव आहे त्याची तारीख
कोर्टात पुढल्या महिन्यात आहे.
मागे जळगावचं एक कुटुंब ताटकळत होतं.
चाळीस प्रश्नांची उत्तरं आधीच भरून देणारी मी,
मला एक सुचेना.
गुरुजी म्हणाले, बसा. घाई नाही.
आणि शाई वाळू नये म्हणून टाक पुन्हा दौतीत बुडवला.

सोमवारी त्या अठरा ओळी काढल्या.
आता पहिल्या नोंदीला साधन अडून बसतं:
तुमचं नाव सांगा.
निलोफर म्हणाली, लोक वैतागतील. वैतागले.
सिन्नरचा फोन दुपारच्या आत आला.
पिंपळगावच्या मास्तरांनी स्वतःच्या जागी
नाटकातल्या सावकाराचं नाव टाकलं.
बच्छावनं विचारलं, हे बंद करायचा पर्याय ठेवायचा का?
मी म्हटलं, कागद दे.

संध्याकाळी नव्या यंत्रावर चाचणी घेतली.
नाव विचारलं. यामिनी लिहिलं, एंटर दाबलं.
पुढे काहीच विचारलं नाही त्यानं.
आडनावाचा रकाना आम्ही कधी केलाच नव्हता.
तो मुद्दाम गाळला होता असं नाही,
तेव्हा सुचलंच नव्हतं कुणाला.