पूल क्रमांक ४४१७

माझ्या हातोडीला लाकूड कळतं.
निरोगी तुळई टणक बोलते,
कुजलेली नुसतं 'हं' म्हणते,
पाहुण्यांना कंटाळलेल्या यजमानासारखी.
विलो क्रीकवरच्या पुलाच्या सात तुळयांपैकी
चार आता 'हं' म्हणतात.

म्हणून मीच पाटी ठोकली: कमाल भार सहा टन.
रिकामी बस साडेपाच,
मुलं, दप्तरं, डबे धरून पावणेसात.
तेव्हा रोज सकाळी सात दहाला
आर्डेल ट्वेट बस थांबवते.
मुलं उतरतात, पूल चालत ओलांडतात,
मागून रिकामी बस येते, हळू,
झोपलेल्या माणसाला ओलांडावं तशी.
पारा उणे वीसवर असला की
आर्डेल मोठ्यांदा फळ्या मोजते,
कुणी मध्येच थांबू नये म्हणून.
पा न्या सगळ्यांत लहान. आकडे पुलावरच शिकली.
तिच्या हिशेबात बत्तीसनंतर बस येते.

तिकडे सेंट पॉलला विधेयक सतरा महिने फिरलं
या समितीकडून त्या समितीकडे,
बारशातल्या बाळासारखं,
प्रत्येकाने घेतलं, रडल्यावर पुढे दिलं.
पेट्रोलवर पाच सेंट चढवावेत का,
शहरातली ट्राम आधी की खेड्यातले पूल.
सिनेटर लुंडीन म्हणाले, रस्त्याला पक्ष नसतो.
दोन्ही बाकांनी टाळ्या वाजवल्या
आणि एकमेकांविरुद्ध मतं दिली.
मे महिन्यात, रात्री पावणेबाराला,
एका मताने झाला कायदा.

मी यादी उघडली. पान दोनशे सहा.
पूल क्रमांक ४४७१.
चष्मा पुसला.
४४७१.

तोही माझ्या ओळखीचा.
फ्रेमस्टाडच्या बीटाच्या शेतामागे, कोरड्या चरावर.
पाणी कधीच दुसरीकडे वळवलंय,
वरून जातात ते कोल्हे.
ठणठणीत आहे. त्याला नऊ लाख डॉलर.

फोनवरचा मुलगा फार अदबीने बोलला:
कायद्यातली चूक कायद्यानेच दुरुस्त होते,
पुढचं अधिवेशन फेब्रुवारीत.
शेजारी बसलेल्या दोन आकड्यांनी
जागा बदलल्या, एवढंच.

आज सात दहाला मी पुलाखाली होतो.
डोक्यावरून पावलं गेली, फळ्यांतून थोडा बर्फ गळला.
तीस, एकतीस, बत्तीस...
"बस," पा न्या म्हणाली.

पाचव्या तुळईवर उगारलेली हातोडी
मी तशीच धरून ठेवली,
मागची चाकं पलीकडे टेकेपर्यंत.