वाटेत आहेत

मदर्स डेच्या रविवारी मार्लिसच्या दुकानात
यंत्र एकशे बेचाळीस वेळा टिंग वाजलं.
एकशे बेचाळीस आया.
काही हयात, काही टेकडीवरच्या दफनभूमीत,
एक सावत्र.
तिच्यासाठी पिवळे ट्युलिप घेणाऱ्या पोराला
चिठ्ठीवर काय लिहावं ते सुचेना.
'नुसतं तुझं नाव लिही,' मार्लिस म्हणाली, 'पुरे होतं.'

मे उजाडून दहा दिवस झाले तरी
डलूथच्या किनाऱ्याला सरोवराचा बर्फ चिकटून होता.
येणारा प्रत्येक जण दारातून थोडा वारा आत आणायचा,
खिशातून कार्ड काढायचा
आणि यंत्राला टेकवायचा हलकेच,
ताप बघायला पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.
टिंग. मंजूर.

फुलं गेली, हे खरं.
देठ छाटून अंगठ्याला भेग पडली, हेही खरं.
पैसे तेवढे वाटेत आहेत.

सोमवारी वाटेत होते.
मंगळवारी वाटेत होते.
बुधवारी पडद्यावर नवाच शब्द उगवला: तपासणी.

अठ्ठेचाळीस मिनिटं तोच तो पियानो ऐकल्यावर
फोनवर एक ब्रेडन आला. फार गोड बोलला.
तुमची विक्री, मॅडम, एका दिवसात
नेहमीच्या नऊपट दिसतेय.
सिस्टिमला ते संशयास्पद वाटलं.
'मदर्स डे होता,' मार्लिस म्हणाली.
'हो ना,' तो म्हणाला, 'मीही आईला फुलं पाठवली.'
मग दोघंही जरा वेळ गप्प.
'पाच ते सात कामाचे दिवस,' तो शेवटी म्हणाला.

कामाचे दिवस.
तिचा बिनकामाचा दिवस कुठला, ते तिलाही आठवेना.

आपल्याकडे दुकानात पाटी असते:
आज रोख, उद्या उधार.
त्यातली गंमत गिऱ्हाइकाला कळते, दुकानदारालाही.
इथे गिऱ्हाइकानं रोख दिलं,
दुकानदारीण उधारीवर बसली,
आणि उधार नेलं कुणी,
त्याचं तोंडसुद्धा तिनं पाहिलेलं नाही.
पैसे पदरात पडतात म्हणावं,
तर मार्लिसच्या ॲप्रनला खिसे दोन,
एकात कात्री, एकात रबरबँड.

गुरुवारी पहाटे पा-न्या वांगची व्हॅन लागली,
सेंट पॉलहून अडीच तास, काचघरातली स्नॅपड्रॅगन घेऊन.
पा-न्या रोखीशिवाय बादली खाली ठेवत नाही,
हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक.
मार्लिसनं न बोलता फोन पुढे केला: तपासणी.
पा-न्यानं चष्मा कपाळावर चढवला,
आपलाही फोन काढला,
आणि शेजारी धरला.
तीच कंपनी. तोच रविवार. तोच शब्द.

आधी हसली ती पा-न्या,
मोंग भाषेत काहीतरी पुटपुटत.
मार्लिसला ते कळलं नाही, आणि पुरतं कळलं.
तीन बादल्या उतरल्या.
खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं आकडा पडला,
खाली ना सही, ना तारीख.
पा-न्यानं निघताना एवढंच विचारलं,
'गेल्या वेळच्या माझ्या बादल्या कुठायत?'

त्याच्या पुढच्या मंगळवारी, रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी,
कुणी जागं नसताना
पैसे आले,
शंभरामागे पावणेतीन गळून.
उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, असं कुठेच नव्हतं.

शहरातल्या कितीतरी ओट्यांवर तोवर
फुलदाण्या धुऊन
उपड्या घातलेल्या होत्या.