शेवटचे रीडिंग

वाळपईच्या ऑफिसातून कागद निघाला:
धाकलू बमू झोरे, धनगरवाडा. थकबाकी. कनेक्शन तोडणे.
खाली साहेबांची हिरवी सही.
जीप ओहोळापर्यंतच जाते.
पुढे खांब मोजत चढायचे.

सतरा खांब, आमच्याच खांद्यांवरून गेलेले.
नवव्याला कातळ लागला, तिथे दोन दिवस मोडले होते.
आता त्याच्यावर रानमिरीची वेल
तारेपर्यंत पोचलीय.

दाराच्या जागी बांबूचा अडसर,
म्हशी आत शिरू नयेत म्हणून घातलेला, तसाच.
मी तो काढला, आत गेलो
आणि का कोण जाणे, परत लावला.
मागची भिंत तर केव्हाच पडलीय,
तिथून गवे ये-जा करतात,
सारवलेल्या जमिनीत त्यांचे खूर रुतलेत.

मीटर जागेवर. कुंभारमाशीने त्यावर मातीचे घर बांधलेय.
त्याच्याखाली भिंतीवर कोळशाच्या रेघा:
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
खालच्या दुकानात घातलेले दूध.
शेवटच्या जुडीत तीनच.

पहिल्या रात्री इथे दिवा लागला
तेव्हा म्हशींनी पान्हा चोरला होता.
धाकलूची आई गोठ्यातून ओरडली,
'विझव रे तो! त्यांना वाटतंय उजाडलं!'
आम्ही हसलो. विझवला.
मग नव्या कोऱ्या बटणाखाली बसून
तिने कंदिलावर धार काढली.

वर्षभरात अभयारण्याची पाटी आली.
मग वाघाने दोन पारड्या नेल्या.
धाकलू आता उसगावला, कारखान्याच्या गेटवर,
रात्रभर हॅलोजनखाली बसतो.
म्हातारीचे मी विचारले नाही.

पिशवीत एक दिवा होता, दुसऱ्या कुणाच्या घरचा.
होल्डरमध्ये बसवला. बटण दाबले.
लागला!
मी पक्कड बाजूला ठेवली,
लाल खिडकीतला आकडा सरकेपर्यंत
चुलीच्या दगडावर बसून राहिलो.

बाहेर अंधार झाला होता.
पडक्या भिंतीपलीकडे काहीतरी जड
येता येता थबकले.
त्याचा श्वास ऐकू येत होता. माझाही.
ते पुढे येईना, मागे जाईना.

विझव रे तो, मी म्हणालो,
आणि उठलो.

वायर टॉर्चवर कापली.
कागदावर आकडा लिहिला, दशांशासकट.
साहेब विचारतील,
रिकाम्या घरात एवढे तरी कोणी जाळले.