पंचावन्न वॅट

इल्मोनं खोका उघडला.
"आत्या, बघच तू," म्हणाला,
"आता रात्रीचा दिवस करतो तुझ्या."
इवालोच्या वर, डिसेंबरात,
ते सूर्यालाही जमत नाही.

गॅरेजात उणे एकोणीस.
भाच्याच्या बोटांना अजून
हातमोजे घालायची अक्कल आलेली नाही.

जुना बल्ब बाहेर आला.
मी रुमाल पुढे केला.
"टाकून दे ना!"
पण हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं,
आर्वोनं लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सांगितलेलं:
बोटाचं तेल जिथे लागतं
तिथेच ती जास्त तापते, तिथेच फुटते.
अठ्ठावीस वर्षं हे बल्ब मी बदलत आले
तान्ह्याची टाळू पुसावी तशी.

नव्याला असलं सोवळं नाही.
कुठेही धरा.
पाठीला बटणाएवढा पंखा,
त्यामुळे मागचं रबरी टोपण बसेना.
इल्मोनं ते कापलं.
मी दुसरीकडे पाहिलं.

मग भिंतीवर उजेड पडला:
फावडी, घसरगाडी,
बर्फाला भोकं पाडायची आर्वोची गिरमिटं,
तीन हिवाळे कोरडी,
सगळी ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यासारखी.

रात्री अडीचला वर्तमानपत्रांचे गठ्ठे येतात.
एकशे बारा किलोमीटर, एकेचाळीस पेट्या.
खोटं कशाला बोलू, तीन रात्री हरखून गेले होते.
पूर्वी वळणावरचा रेनडिअर म्हणजे
दोन ठिणग्या नुसत्या.
आता खुरांसकट दिसायचा,
नाकपुडीच्या वाफेसकट.
डोळ्यांत तेल घालून चालवायचे मी,
तेवढं तेल वाचलं.

लाकडाच्या ट्रकवाले मात्र समोरून
दिवे मिचकावून शिव्या द्यायचे.
मार्चमध्ये गाडीची तपासणी आहे,
तिथला माणूस काय देईल ते मार्चमध्ये.

चौथ्या रात्री बर्फ आला. आडवा.
विसाव्या पेटीपाशी वाटलं, गेले आपले डोळे.
रस्ता आधी राखाडी झाला,
मग नव्हताच.
उतरले, चाचपडत पुढे गेले, तर
दोन्ही दिवे लख्ख चालू,
बोटभर बर्फाच्या आत.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
हा दिव्यावर होता.

हातमोजा काढून तळवा टेकवला.
गार.
माशाच्या पोटासारखी काच.

म्हणजे तो पिवळट, सुस्त बल्ब
इतकी वर्षं रस्ता दाखवता दाखवता
आतल्या आत चूल पेटवून बसायचा,
पडेल तो बर्फ वितळवायचा,
आणि आम्ही त्याला
वाया गेलेली वीज म्हणत होतो.
मीच म्हणायचे. बिल मी भरते.

खरवडायला काही नव्हतं,
एकविसाव्या पेटीचा अंक गुंडाळून वापरला.
हिल्क्काबाई तक्रार करणार.
करू देत.

आता दर पाच पेट्यांना उतरते,
दिव्यांना हात लावते,
सोलते, पुसते, परत बसते.
इल्मो फोनवर विचारतो, "उजेड कसा आहे?"
"खूप आहे," म्हणते.

जुने दोन्ही बल्ब
अंड्यांच्या खोक्यात ठेवलेत, रुमालात.
एकाच्या टोकाला काजळी धरलीय.
काल कानाशी नेऊन हलवला.
तार अजून शाबूत आहे.