अठरा हजारांत बसवायचं

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी
लाइन गेली, आली, परत गेली, आली ती जोरात,
आणि टेबलाखाली फटाका फुटल्यासारखा आवाज.
हितेश नाकाडेनं झाकण काढलं, आत बॅटरी मारली:
पालीची दोन अंडी, बारा वर्षांची धूळ,
आणि मदरबोर्डावरचे कपॅसिटर
उकडल्या धानासारखे टरारलेले.
"मावशी, हा आता नाई उठत."
बसस्टँडजवळ मोबाइलच्या काचा बदलतो तो. वय वीस.
हात मात्र डॉक्टरासारखे पुसतो.

भिशीचे अकरा हजार होते,
लोणारे मॅनेजरचा ॲडव्हान्स सात.
नाटकांचा हंगाम तोंडावर,
वडशाच्या चार मंडळांची पोस्टरं माझ्याच हातची.

एका फसलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर
(वधूच्या नावात वेलांटी चुकलेली, दोनशे प्रती पडून)
आम्ही यादी लिहिली.
नवा घ्यायचा तर चाळीस. खोडला.
नागपुरात, सीताबर्डीच्या एका तळघरात
बँकांनी टाकून दिलेली यंत्रं ओळीनं असतात म्हणे,
कपाळावर शाखेचं नाव अर्धवट खरवडलेलं.
साडेआठ हजार. "सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे."
आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली पिढी.
म्हटलं, आण. पाच पिढ्या पुढेच आहे माझ्या.

रॅम आठची की सोळाची, यात जेवण थंड झालं.
एसएसडी नवीनच हवी,
कुकरचं रबर कुणी जुनं घेतं का?
यूपीएसवर कंजुसी नको, इथल्या लाइनीचा भरवसा नाही.
"ग्राफिक कार्ड? गेम खेळता का?"
खलनायकाचे डोळे लाल करते बाबा, एवढंच.
खोडलं.
मॉनिटर तोच, कोपऱ्यात पिवळा डाग असलेला.
कीबोर्डही तोच. अक्षरं पुसली आहेत,
पण बोटांना पाठ आहेत.

पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन
तो रात्रीच्या गाडीनं आला.
शेजारच्या बाईनं विचारलं होतं त्याला,
कोंबड्या आहेत का, आवाज कसा नाही करत?

जुना सुरू होईस्तोवर माझा चहा व्हायचा.
यानं गॅस पेटवायलाही वेळ दिला नाही.

मग जुन्या डिस्कवरच्या फायली उघडल्या.
बारा वर्षांची लग्नं, बारशी, तेरव्या,
सगळ्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी झालेली.
जुना फाँट नव्याला ओळखता येईना.
हितेश दीड वाजेपर्यंत बसला, कुठून कुठून काय उतरवत,
आणि ओळी हळूहळू मराठी झाल्या.
फक्त ळ आला नाही.
जिथे जिथे ळ, तिथे रिकामा चौकोन.

सकाळी लोणारे आले.
पडद्यावर त्यांचं तीन अंकी नाटक,
'आंधळ्या सासूचे काळीज',
आणि नावात दोन भोकं.
चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.
"मंग का झालं बाई? आमाले कुठी येते तो अक्षर?
आंधरी म्हनतो, कारीज म्हनतो.
लोक तिकीट काढतेतच."

हसले मी. पण पोस्टर शाळेसमोरच्या भिंतीवर लागणार,
म्हणून दोन्ही ळ हातानं बसवले.
मग गिऱ्हाईक नसताना एकेक फाइल घेत गेले:
काळे, टिळक वॉर्ड, मंगळवार, बाळाचे नाव, वेळ, स्थळ.
चौकोन भरत जातो, पत्रिका पुन्हा पत्रिका होते.

सहा वर्षांपूर्वीची एक तेरवी निघाली.
कै. तुळसाबाई. माझी आई.
मधोमध चौकोन.
तुरसा म्हणायचे तिला सगळे.
ती स्वतःसुद्धा.
बाहेर कुणी झेरॉक्स विचारत होतं,
मी फाइल तशीच बंद केली.

हिशेबात साठ रुपये उरले.
हितेश म्हणाला, माऊस घ्या, याचं चाक अडते.
मी म्हटलं, अडू दे,
समोसे आण.